कंदील पुन्हा उभा करताना: बर्नर, वात आणि वाऱ्याची वाट

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यात माळ्यावरचे कंदील खाली उतरतात. गगनबावडा, आजरा, चंदगड, भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर झाड तारेवर पडलं की लाईट कधी येईल ते सांगता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडली, वीज उपकेंद्रात पाणी शिरलं, तेव्हा शहरातल्या पेठांनीही अंधार पाहिला. इन्व्हर्टर पहिली रात्र काढतो, पॉवर बँक दुसरी. तिसऱ्या रात्री कुणाला तरी आजीचा कंदील आठवतो. तो पेटवला की पाच मिनिटांत काच काळी, खोलीत धूर आणि डोळ्यांत पाणी. मग "जुन्या वस्तूंचं आता काही खरं नाही" म्हणून तो पुन्हा माळ्यावर जातो.

त्या कंदिलाचं बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. त्याला हवा मिळत नसते. कंदील धुरकटला की लोक आधी वात बदलतात, मग रॉकेलला नावं ठेवतात, आणि हवेच्या वाटेकडे कुणी बघत नाही. म्हणून या लेखात मी उलट्या बाजूने जाणार आहे: आधी हवा, मग वात, मग तेल. रोजच्या वापराला चार्जिंगचा एलईडी दिवा कंदिलापेक्षा केव्हाही सुरक्षित, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वीज आठवडाभर गेली तर बाटलीभर रॉकेलवर रात्रीमागून रात्री उजेड देणारी वस्तू घरात चालू स्थितीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचा दिवा नेमका कोणता

रॉकेलचे दिवे ढोबळमानाने तीन घराण्यांचे. पहिली चिमणी: पत्र्याची डबी, झाकणातून वर आलेली दोरीची वात, काच नाही. हवा आजूबाजूने जशी येईल तशी येते, म्हणून उजेड कमी आणि काजळी जास्त. चिमणी कलंडली की तेल थेट ज्योतीवर सांडतं, आणि भाजण्याचे अपघात नेमके असेच होतात. ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, मोडीत द्या.

दुसरा कंदील, म्हणजे बाजूला दोन नळ्या, मध्ये काच, खाली टाकी आणि वर घुमट. आपल्या भागात या वस्तूचा एक स्वतःचा इतिहास आहे. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघर गेला. दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतून आजही तो निघतो. तुमच्या घरात निघाला तर भंगारवाल्याला देण्याआधी निदान एकदा पेटवून बघा.

तिसरी गॅसबत्ती, म्हणजे पेट्रोमॅक्स. वरातीत डोक्यावर नाचलेली, तमाशाच्या फडात आणि जत्रेत टांगलेली. तिचं तंत्र अगदी वेगळं आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

कंदिलाच्या बाजूच्या नळ्या नुसत्या धरायला किंवा शोभेला नसतात. त्या हवेच्या वाटा आहेत, आणि त्यांत हवा कुठून शिरते यावरून कंदिलाचे दोन प्रकार पडतात. दोन्ही रचना अमेरिकेत जॉन आयर्विन यांच्या नावावर आहेत. गरम हवेचा कंदील १८६० च्या दशकाच्या शेवटी आला, थंड हवेचा १८७० च्या दशकात.

गरम हवेच्या कंदिलात काचेतून वर जाणारी तापलेली हवा वरच्या टोपीत शिरते. तिच्यातली काही बाहेर पडते, बरीचशी नळ्यांतून पुन्हा खाली बर्नरकडे येते. ती एकदा वापरून झालेली असते, तिच्यात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे ज्योत शांत आणि लहान राहते, तेल कमी लागतं, उजेडही बेताचाच पडतो. थंड हवेच्या कंदिलात वरचा घुमट मोठा असतो आणि त्याच्या आतून धुराडं स्वतंत्र बाहेर काढलेलं असतं. धुराड्यातून तापलेली हवा निघून जाते आणि घुमटाच्या फटींतून ताजी हवा नळ्यांत ओढली जाते. याची ज्योत पांढरट आणि मोठी, उजेड ठळकपणे जास्त.

ओळखायचं कसं? काच काढा आणि खालून वर बघा. काचेच्या वरचं तोंड थेट नळ्यांना जोडलेल्या टोपीत उघडत असेल तर गरम हवेचा. मधोमध वेगळी नळकांडी वर जात असेल आणि तिच्याभोवती फट असेल तर थंड हवेचा. तरीही उलगडा झाला नाही तर कंदील पेटवून एक उदबत्ती घुमटाच्या कडेशी धरा. धूर आत ओढला गेला तर थंड हवेचा. ही उदबत्ती जवळच ठेवा, पुढे परत लागणार आहे.

कोणता घ्यावा हे तो कुठे टांगणार यावर ठरवा. चार भिंतींच्या आत, रात्रभर मंद ठेवायचा असेल तर गरम हवेचा पुरतो. गोठा, रानातली वस्ती, पडवी, जिथे पावसाबरोबर वारा अंगावर येतो तिथे थंड हवेचाच घ्या. लोक दुकानात वातीची रुंदी बघून कंदील निवडतात, त्यापेक्षा वरचा घुमट बघून निवडा. गरम हवेच्या कंदिलाला साधारण १६ मिलिमीटरची वात असते, मोठ्या थंड हवेच्याला बहुधा २२ किंवा त्याहून रुंद. रुंद वातीचा बर्नर हवेची वाट अरुंद असलेल्या कंदिलात बसवला तर जास्त उजेड पडत नाही, जास्त काजळी धरते. तेलाचा पुरवठा वाढतो आणि हवेचा आहे तेवढाच राहतो.

खोलणं आणि साफ करणं

टाकीत जुनं रॉकेल असेल तर अंगणात, विस्तवापासून लांब, काचेच्या बाटलीत ओतून घ्या आणि स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर दिसला तर दचकू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे ठरलेलं आहे. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं आणि तळाशी जमतं. वातीचं टोक तळाशीच टेकलेलं असतं, त्यामुळे ती आधी पाणी ओढते. कंदील चरचर आवाज करत तडतडतो तो यामुळे.

आता बर्नर फिरवून काढा. त्यात चार गोष्टी असतात. वात ज्यातून वर येते ती चपटी नळी. वात वरखाली करणारी, दातेरी चाकांची चावी. नळीवर बसणारी, फट असलेली टोपी. आणि या सगळ्याखाली बारीक भोकांची जाळी. ज्योतीला लागणारी हवा या भोकांतूनच चाळून येते. कोल्हापुरात गंगावेशीकडे पत्र्याचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिरांकडे मी धुरकटणारा कंदील नेला, तेव्हा त्यांनी वातीकडे पाहिलंच नाही. जाळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "वात कशाला बदलालाय? आदी ही बघा की. किडं मरून बसल्यात त्यात." भोकं खरोखर बुजलेली होती. पाखरं, वातीची जळकी पूड आणि रॉकेलचा चिकटा यांचा एक काळा थर तयार झाला होता, आणि उजेडाकडे धरल्यावर पलीकडचं फारसं काही दिसत नव्हतं.

पितळी बर्नर पाण्यात धुण्याचा सोडा घालून पंधरावीस मिनिटं उकळा. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. नंतर जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासा आणि प्रत्येक भोक सुईने मोकळं करा. सुई फक्त मोकळं करायला, मोठं करायला नाही. खिळा घालून भोकं रुंदावणारे लोक मी पाहिले आहेत. तसं केलं की हवा जोराने आणि वाकडी येते, ज्योत एका अंगाला लवते आणि काच त्याच बाजूला तडकते. जाळीची भोकं हवा नुसती आत सोडत नाहीत, ती शांतही करतात.

बर्नरच्या अंगाला वातीच्या नळीशेजारी बऱ्याचदा एक बारीक नळी किंवा भोक असतं. टाकीने श्वास घ्यावा म्हणून ते ठेवलेलं असतं. तेल वर जाईल तशी टाकीत हवा शिरायला हवी, आणि टाकी तापल्यावर वाफेला वाट हवी. ते बुजलं असेल तर आधी उघडा.

बाजूच्या नळ्या सर्वांत दुर्लक्षित. त्यांत कुंभारमाशीची मातीची घरं निघतात, झुरळांची अंडी निघतात. एका टोकाने फुंकर मारून दुसऱ्या टोकाशी हात धरा. वारा लागत नसेल तर सायकलच्या ब्रेकची जुनी तार आत फिरवा. नळी खालच्या वळणावर गंजते, तिथे टाचणीएवढी भोकं पडतात. कंदील पेटलेला असताना उदबत्ती नळीवरून सावकाश फिरवा. जिथे धूर आत खेचला जातो किंवा एकदम विस्कटतो तिथे भोक आहे. ते झाळून, म्हणजे कथील वितळवून सांधून, घ्यावं लागतं.

गंजासाठी दोन उपाय सांगतो. लिंबूसत्त्व, लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम, त्यात पत्र्याचे भाग काही तास. मधूनमधून बघत राहा, कारण गंज गेल्यावर ते चांगला पत्राही खायला लागतं. दुसरा उपाय हळू पण सौम्य, आणि तो आपल्या ऊसपट्ट्याला शोभणारा आहे: मळी. जनावरांच्या खाद्यात घालतात ती मळी एक भाग, पाणी नऊ भाग, आणि आठवडा ते पंधरवडा बुडवून ठेवायचं. मळी लोखंडावरचा गंज सोडवते आणि खालच्या चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही. वास मात्र सुटतो, म्हणून परड्यात ठेवा. पितळ, जस्त किंवा ॲल्युमिनियमचा भाग यात घालू नका. दोन्हींतून काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच उन्हात वाळवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज चढतो.

टाकी गळते का हे बघायला तिच्यात थोडं रॉकेल घालून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला की गळती कुठे आहे तेही कळतं. झाळायला देण्याआधी टाकी गरम पाणी आणि सोड्याने पुन्हा पुन्हा धुवा, आणि झाळताना ती सांध्याच्या खालपर्यंत पाण्याने भरलेली असावी. रिकामी दिसणारी टाकी रॉकेलच्या वाफेने भरलेली असते आणि झाळतानाच्या उष्णतेने ती फुटू शकते. कारागीर जाणता असेल तर तो हे स्वतःच करतो, तरी सांगायला संकोच करू नका. चावीचा दांडा झिजला असेल किंवा दातेरी चाक सैल झालं असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर तसा तुकडा कुणीतरी करून देतंच.

वात कशाची

वातीचं काम जळणं नाही, तेल वर नेणं आहे. धाग्यांमधल्या बारीक फटींतून रॉकेल आपोआप वर चढतं, टोकाशी तापून त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. तेल वेळेवर पोचत राहिलं तर वात स्वतः फारशी जळत नाही. वात भराभर कमी होत असेल तर तिला तेल पुरत नाही असं समजा.

कंदिलाला माझं मत निःसंशय चपट्या विणीच्या सुती वातीला. ती तेल ओढते, दातेरी चाकाच्या पकडीत बसते आणि कात्रीने हवी तशी कापता येते. दुकानात "सुती" म्हणून मिळणारी प्रत्येक वात सुती असेलच असं नाही, तेव्हा एक धागा काढून काडीने पेटवा. कापूस कागदासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख ठेवतो. टोकाला कडक काळा मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. अशी वात बर्नरच्या नळीत वितळून चिकटते आणि मग ती खरवडण्यात दुपार जाते.

काचतंतूची वात हल्ली बरीच मिळते. ती जळत नाही, वर्षानुवर्षं टिकते, बांबूच्या मशालीला किंवा बाटलीच्या दिव्याला चांगली. कंदिलात मात्र ती मला पटत नाही. चावीचे दाते तिच्यावर घसरतात, सुतापेक्षा तेल कमी चढतं आणि कडा विसविशीत होऊन ज्योतीला शिंगं फुटतात. कापताना तिचे बारीक तंतू त्वचेला टोचतात आणि श्वासात जातात, तेव्हा नाकावर रुमाल बांधूनच कापा.

वातीच्या स्टोची दोरीसारखी गोल वात कंदिलाच्या चपट्या नळीत दाबून बसवणं धोक्याचं आहे. मध्ये ती घट्ट होते आणि दोन्ही अंगांना फट राहते. त्या फटीतून ज्योत टाकीतल्या वाफेपर्यंत पोचू शकते. इथे काटकसर करू नका.

घरी वात करायची तर जुनं, शेकडो वेळा धुतलेलं सुती धोतर किंवा नऊवारीचा मऊ भाग सर्वांत उत्तम. त्याची खळ केव्हाच निघून गेलेली असते. इचलकरंजीचं कोरं कापड चांगलं असलं तरी मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ दिलेली असते, आणि ती खळ धाग्यातल्या फटी भरून टाकते. असं कापड सोड्याच्या गरम पाण्यात धुवा आणि नंतर साध्या पाण्यात तीनचार वेळा खळबळून घ्या, कारण साबणाचा अंश राहिला तर तोही वर जाऊन टोकाशी खडा धरतो. शिवाय तिथे मिश्र धाग्याचं कापडही भरपूर बनतं, म्हणून काडीची परीक्षा इथेही करा. पट्टीचे थर एकावर एक ठेवून लांबीच्या दिशेने सुती दोऱ्यानेच टीप घाला.

रुंदी आणि जाडी नेमकी हवी. वात नळीत बोटाच्या हलक्या दाबाने सरकली पाहिजे. घट्ट झाली तर धागे चिरडतात, तेल चढत नाही आणि चावी फिरत नाही. विकतची वात किंचित घट्ट असेल तर कडेचे एकदोन उभे धागे ओढून काढा, कात्री लावू नका. सैल झाली तर वर सांगितलेला फटीचा धोका आहेच. लांबी इतकी ठेवा की खालचं टोक टाकीच्या तळावर थोडं लोळेल.

बसवण्याआधी वात कडक उन्हात पूर्ण वाळवा. जुलैत ऊन कुठलं, तर तवा तापवून गॅस बंद करा आणि त्या उबेवर कोरी वात ठेवा. रॉकेल लागलेली वात अशी कधीही वाळवू नये. ओलसर धाग्यात पाण्याने आधीच जागा अडवलेली असते, तिथे रॉकेल शिरत नाही.

टोक कापणं

उजेडाचा आकार इथे ठरतो. धारदार कात्रीने वात एका फटक्यात सरळ आडवी कापा, आणि मग दोन्ही कोपरे अगदी तांदळाच्या दाण्याएवढे छाटा. कोपरे तसेच ठेवले तर ज्योतीला दोन बाजूंना दोन शेंड्या येतात आणि काच तिथून काळी होते. एखादा धागा जरी वर राहिला तरी ज्योतीत तेवढीच सुळकी दिसते. रोजच्या वापरात दरवेळी कापायची गरज नाही. थंड झालेल्या वातीवरचा काळा कोळ कापडाने हलकेच पुसला तरी पुरे.

तेल

रेशनवरचं निळं रॉकेल बहुतेकांचं बंद झालं आहे. खुल्या विक्रीचं पांढरं रॉकेल मिळालं तर तेच घ्या. आयएस १४५९ या भारतीय मानकात रॉकेलचा धूरबिंदू किमान १८ मिलिमीटर ठरवला आहे, म्हणजे चाचणीच्या दिव्यात ज्योत तेवढी उंच होईपर्यंत धूर दिसता कामा नये. त्याच मानकात रॉकेलची वाफ ठिणगीने पेट घेण्याचं किमान तापमान ३५ अंश आहे. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी पारा त्यावर जातो. रॉकेलचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात का ठेवायचा नाही, ते यावरून कळेल.

पेट्रोल, थिनर किंवा टर्पेंटाईन थेंबभरही मिसळू नका. पेट्रोल शून्य अंशाच्या खूप खालीही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि कंदिलाचा बॉम्ब करतं. डिझेल जड आहे, काजळी धरतं. गोडंतेल, देवाच्या दिव्याचं तेल किंवा औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घट्ट असल्यामुळे लांब वातीतून चढतच नाही. समईत ते चालतं, कारण तिथे ज्योत तेलाच्या अगदी काठाशी असते. कंदिलात टोकापर्यंतचं अंतर जास्त, तिथे पातळ तेलच हवं.

टाकी पाऊण भरा. पेटत्या किंवा गरम कंदिलात कधीच तेल ओतू नका. नवी वात बसवल्यावर निदान अर्धा तास थांबा, तेल टोकापर्यंत पोचलेलं बोटाला ओलं लागलं पाहिजे. अंदाजासाठी सांगतो: जर्मन फॉयरहँड २७६ या थंड हवेच्या कंदिलाची टाकी ३४० मिलिलिटरची आहे आणि ती साधारण वीस तास चालते. म्हणजे एक लिटर रॉकेलमध्ये संध्याकाळचे चारपाच तास धरले तर बारा ते चौदा रात्री निघतात.

पेटवणं आणि ज्योत वाचणं

काच उचला, वात टोपीच्या फटीतून जेमतेम दिसेल इतकी वर घ्या, पेटवा, काच खाली बसवा आणि लगेच वात उतरवा. आता दोनतीन मिनिटं काही करू नका. काच तापायला हवी, नळ्यांतली हवा फिरायला लागायला हवी. तोपर्यंत ज्योत थोडी आळशी दिसेल. मग सावकाश वात चढवा. ज्योतीचा माथा गोलसर आणि स्थिर दिसला की थांबा. माथ्यावर शेपूट लवलवायला लागलं की वात जास्त झाली. काजळी म्हणजे न जळलेले कण, आणि ज्योत पिवळी दिसते ती याच तापलेल्या कणांमुळे. ते माथ्यापर्यंत जळून संपले तर उजेड मिळतो, नाही संपले तर काच काळी होते. वात आणखी वर घेतल्याने उजेड वाढत नाही.

ज्योत एकाच बाजूला चढत असेल तर आधी वात तिरकी कापली गेली आहे का बघा, मग टोपी नीट बसली आहे का, आणि मग जाळीची त्याच बाजूची भोकं. ज्योत धपापल्यासारखी लहानमोठी होत असेल तर काच बुडाशी नीट टेकलेली नाही किंवा नळीला भोक आहे. सुरुवातीला छान जळून तासाभराने मंदावत असेल तर टाकीचा श्वास अडलेला आहे किंवा वात जुनी झाली आहे. वात सारखी चढवावी लागत असेल तर टाकीत तेल कमी आहे: पातळी खाली गेली की वातीला तेच तेल जास्त उंच चढवावं लागतं. आणि चरचर असेल तर पाणी, ते वर सांगितलंच. सगळं ठीक असूनही धूर येत असेल तर वरचा घुमट बघा, त्यात कोळ्याची जाळी किंवा जुन्या काजळीचा थर असतो.

काच थंड झाल्यावरच पुसा. कोरडं वर्तमानपत्र आधी, चिकटपणा उरला तर चाळलेली राख आणि ओलं फडकं. गरम काचेवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते. म्हणून पागोळ्यांखाली कंदील टांगू नका.

गॅसबत्तीबद्दल थोडं

पेट्रोमॅक्स बर्लिनच्या माक्स ग्रेट्स यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्यात ज्योतीपर्यंत तेल नेणारी वात नाही. पंपाने टाकीत दाब भरायचा, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोरात निघते, वाटेत स्वतःच हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये, म्हणजे जाळीच्या लहान पिशवीत, निळी जळते. उजेड ज्योतीचा नसतो, तापलेल्या मेंटलचा असतो. हे मेंटल ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलं. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असे, म्हणून फुटलेल्या मेंटलची पूड फुंकू नका, ओल्या कागदाने टिपून घ्या.

दुरुस्तीत तीन जागा बघायच्या. पंपाचा चामड्याचा वॉशर सुकला असेल तर तेलाचे दोन थेंब देऊन बोटाने पसरवा. छिद्र बुजलं असेल तर तिची स्वतःची सुई फिरवा, बाहेरून तार घालून छिद्र मोठं करू नका. आणि छिद्र व हवा मिसळणारी नळी यांच्यातलं अंतर: ते चुकलं तर मेंटल पिवळं आणि काजळलेलं जळतं. इथेही अडतं ते हवेवरच. नवं मेंटल बांधल्यावर आधी नुसतं जाळून पांढरं करावं लागतं, आणि त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही. उजेड झगझगीत, पण तेल भरपूर खाते आणि आवाज करते. दाबाखाली असल्यामुळे टाकीचा पत्रा पिचलेला किंवा सांधा झाळलेला असेल तर ती वापरू नये. मंडपाला ठीक, घराला कंदीलच.

पुराच्या दिवसांसाठी

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. इशारा पातळी जवळ आली की कंदील भरून, काच पुसून, एक जादा वात आणि कोरड्या डबीत काड्यापेटी घालून वरच्या मजल्यावर न्या. जादा काच असेल तर ती जुन्या साडीत गुंडाळून सोबत ठेवा.

बंद खोलीत कंदील पेटता ठेवून झोपू नका. पावसामुळे आपण खिडक्या लावून घेतो आणि तिथेच घात होतो. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. खिडकी चार बोटं उघडी असू द्या. घरात कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर त्या खोलीत उघडी ज्योत नकोच. मच्छरदाणी, पडदे आणि कंदील यांत दोन हात अंतर ठेवा, आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशा खिळ्यावर टांगा.

रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. पांढरं रॉकेल लहान मुलाला पाणीच वाटतं. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, उलटी होताना ते फुप्फुसात जातं आणि खरा धोका तिथे असतो. तोंडाने काही न पाजता कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात तडक न्या आणि बाटली सोबत घ्या.

पाऊस ओसरला, लाईट नियमित झाली की टाकी रिकामी करा. अर्ध्या टाकीनिशी कंदील वर ठेवला की पुढच्या वर्षी तळाशी पाणी आणि गंज मिळणार. वात काढून वाऱ्यावर सुकवा आणि कागदात गुंडाळा, बर्नर कोरडा पुसा, नळ्यांच्या तोंडांना कापडाचे बोळे घाला म्हणजे कुंभारमाशी आत घर करणार नाही. बोळे किती घातले ते टाकीवर चिठ्ठी चिकटवून लिहा, कारण पुढच्या जूनमध्ये पेटवण्याआधी ते सगळे काढायचे आहेत.